कपारीतला जून

खडकावरची झाडं म्हटलं की आपल्याला आधी निवडुंग आठवतो. पाणी नको, माती नको, उन्हात टाकून दिलं तरी जगेल असं काहीतरी. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ अल्पाइन, म्हणजे उंच डोंगरांवरच्या, झाडांची बाग करायला घेतली तेव्हा आमचीही समजूत फारशी वेगळी नव्हती, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत निम्मी झाडं गेली ती या समजुतीपायीच. उंच डोंगरावरच्या झाडाला पाणी लागतं, चांगलं भरपूर लागतं. बर्फ वितळून खडकाच्या पोटातून झिरपणारं थंडगार पाणी त्याच्या मुळांशी सतत वाहत असतं. त्याला सोसत नाही ते मानेशी साचलेलं पाणी. मान म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा. मुळं ओली, मान कोरडी आणि हिवाळ्यात पानंही कोरडी, एवढं जमलं की जूनमध्ये फुलं येतात. त्यामुळे जूनच्या बहराचं बरंचसं काम जूनमध्ये करायचं नसतंच. ते आधीच दगड-वाळूत होऊन गेलेलं असतं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पावसात त्याची परीक्षा होते.

चेक बागकारांनी रूढ केलेली कपारबागेची पद्धत आता ब्रिटनमध्ये बरीच दिसते. लाद्या आडव्या पसरायच्या नाहीत, ताटाळ्यात ताटं लावावीत तशा उभ्या, एकमेकींना समांतर रोवायच्या आणि मधल्या अरुंद फटींत झाडं लावायची. मुळं फटीतून सरळ खाली जातात, दगड त्यांना गार ठेवतो, आणि पावसाचं पाणी वर न थांबता उतरून जातं. दिसायलाही ते खऱ्या डोंगराच्या कण्यासारखं दिसतं. मातीच्या ढिगात इथे-तिथे गोटे खोचले की जे दिसतं त्याला बाग म्हणवत नाही.

आमचा वाफा ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि मधोमध ६० सेंटिमीटर उंच. त्याला दगड दोन टनांच्या आसपास लागला आणि वाळूची ८०० किलोंची तीन पोती. दगड केथनेसचा. उत्तर स्कॉटलंडमधला हा थराथरांचा, करडा, सपाट फुटणारा दगड फरशीसाठी प्रसिद्ध आहे आणि कपारींसाठी तर वरदान. पाण्यानं झिजलेली, भोकाभोकांची नैसर्गिक चुनखडी मात्र विकत मिळाली तरी घेऊ नये. ब्रिटनमध्ये असे चुनखडीचे कातळ १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित करता येतात, आणि बाजारात दिसणारा जुना दगड कुठून आला ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. चुना आवडणाऱ्या झाडांसाठी खाणीतली चुनखडीची कच वाळूत मिसळली की काम भागतं.

जागा साफ करताना घाई केली तर पुढे दगड उपसावे लागतात. हरळीसारखं चिवट काउच ग्रास आणि ग्राउंड एल्डर या दोघांचा बोटभर तुकडा जरी जमिनीत राहिला तरी तो दोन लाद्यांच्या मधून वर येतो, आणि तिथे खुरपं पोचत नाही. आम्ही जमीन २५ सेंटिमीटर खणून, काट्यानं भुसभुशीत करून, एक पूर्ण उन्हाळा तशीच ठेवली आणि उगवेल ते काढत राहिलो. त्या एका उन्हाळ्याची किंमत वाफा उभा राहिल्यावर कळते.

खरी मेख वाळूत आहे. गिलाव्याची बारीक वाळू चालत नाही. तिच्यातला गाळ ओला झाला की थापून बसतो आणि कपारीत हवाच शिरत नाही. लागते ती काँक्रीटसाठीची, धुतलेली, टोकदार कणांची, ४ मिलिमीटरपर्यंतची. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा वाळू घ्यायची, पाणी भरून जोरात हलवायची. पाचेक मिनिटांत पाणी बऱ्यापैकी नितळ व्हायला हवं. तासाभरानं वाळूवर गाळाचा पेरभर थर बसलेला दिसला तर तो माल परत. मुठीत ओली वाळू दाबून हात उघडला की गोळा लगेच ढासळला पाहिजे, ही दुसरी परीक्षा. समुद्रातली वाळू असेल तर मीठ धुतलंय ना, ते विचारून घ्यायचं.

वाळूचा ढीग करून, पायानं तुडवून, पाणी मारून आठवडाभर बसू द्यायचा. मग सर्वांत मोठ्या लाद्या आधी. प्रत्येक लादीचा निम्म्याहून जास्त भाग, जमलं तर दोन तृतीयांश, वाळूत जायला हवा. सगळ्यांचा कल एकाच बाजूला, उभ्यापासून १०-१५ अंश. लाद्यांची रांग आम्ही पूर्व-पश्चिम ठेवली, त्यामुळे प्रत्येक लादीला एक तापणारी दक्षिण बाजू आणि एक गार उत्तर बाजू मिळाली. एकाच वाफ्यात दोन हवामानं. फट १ ते अडीच सेंटिमीटर. रुंद फट सोयीची वाटते, पण तिच्यात पाऊस वाळू वाहून नेतो आणि तण आधी तिथेच बसतं. लादी बसली की तिच्यावर उभं राहून बघायचं. जरा जरी डुगडुगली तर काढून पुन्हा, कारण हलणारा दगड दर हिवाळ्यात गोठण्या-वितळण्यानं थोडा थोडा सरकतो आणि मुळं तोडतो.

फटी भरायचं मिश्रण ४ भाग वाळू आणि १ भाग चाळलेली माती व पालापाचोळ्याचं कुजलेलं खत मिळून. ते कोरडंच ओतायचं, पातळ पट्टीनं खाली ढोसायचं, झारीनं पाणी द्यायचं, खाली बसलं की पुन्हा ओतायचं. हे तीन-चारदा. दोन लाद्यांच्या मधे खोल कुठेतरी पोकळी राहिली तर रोप वर तीन महिने छान दिसतं आणि मूळ त्या पोकळीत पोचलं की अचानक माना टाकतं. वरून कारण दिसतच नाही. आमच्याकडे एकाच रेषेत तीन रोपं लागोपाठ गेली तेव्हा लादी उचलली आणि खाली मुठीएवढी पोकळी निघाली. आता भरल्यावर महिनाभर पावसात तसंच ठेवतो आणि मगच लावतो.

ज्यांना एवढा दगड परवडत नाही, ठेवायला जागा नाही, त्यांच्यासाठी डोणी. गुरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणींत अल्पाइन झाडं लावायची इथे जुनी रीत आहे. खरी डोणी आता महाग, म्हणून सिमेंटची नकली करतात. मापानं १ भाग सिमेंट, १ भाग तीच वाळू, २ भाग कोकोपीट. कोकोपीट आधी भिजवून, पिळून, मोकळं करून मग मोजायचं. हा नारळाच्या काथ्याचा भुगा बहुतेक भारत-श्रीलंकेतूनच येतो, त्यामुळे पोत्यावर ओळखीची गावं वाचायला मिळतात. मिश्रण मुठीत दाबलं तर बोटांतून पाण्याचे दोन-चार थेंब यावेत, धार नाही. जास्त पाणी घातलेली डोणी वाळताना तडकते. दोन खोके एकात एक, मधे ५ सेंटिमीटर जागा, तळातही तेवढीच जाडी, आणि तळाला बोटभर जाडीची छिद्रं दर वीतभर अंतरावर. दीड दिवसानं साचा सोडवायचा. तेव्हा ती अजून मऊ असते, तारेच्या ब्रशनं कडा घासून दगडासारख्या करून घ्यायच्या, आणि लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन आठवडे सावलीत. मग महिनाभर पावसात, म्हणजे मोकळा चुना धुऊन जातो.

डोणीच्या तळाशी विटांचे तुकडे घालू नयेत. आपल्याकडेही कुंडीत खापऱ्यांचा थर घालतात. निचरा वाढतो असं वाटतं, होतं उलटं. बारीक मिश्रणातून जाड तुकड्यांत पाणी सहज उतरत नाही. वरचा भाग पुरता भिजेपर्यंत ते दोन थरांच्या सीमेवर अडतं. म्हणजे ओलीची पातळी वर सरकली आणि मुळांची कोरडी जागा कमी झाली. छिद्रांवर नुसती जाळी, त्यावर थेट मिश्रण. आणि डोणी खोल हवी, निदान १८-२० सेंटिमीटर. तळातले दोन-तीन इंच ओलेच राहणार आहेत, हे गृहीत धरायचं.

लागवड एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला. रोप जितकं लहान तितकं बरं, ७ सेंटिमीटरच्या कुंडीतलं उत्तम. मोठं, फुललेलं, महागाचं रोप कपारीत ठोकून बसवायचा मोह टाळायचा. नर्सरीची माती पाण्याच्या बादलीत हलवून पूर्ण धुऊन काढायची, हे नव्या माणसाला फार जिवावर येतं. पण ती स्पंजासारखी माती तशीच ठेवली तर वाळूच्या मधे तिचा गोळा एक तर कायम ओला राहतो, नाहीतर एकदा सुकला की पाणी घेतच नाही. आणि मुळं त्या गोळ्याबाहेर पडत नाहीत. धुतलेली मुळं ओल्या वर्तमानपत्राच्या पट्टीवर पसरायची, पट्टीसकट कपारीत सरकवायची, वाळू ओतायची, आणि दगडाच्या चिपांनी रोप दोन्ही बाजूंनी पाचर मारल्यासारखं पक्कं करायचं. कागद कुजून जातो. मानेभोवती माती येता कामा नये, तिथे ४ ते ६ मिलिमीटरची कच, दोन-अडीच सेंटिमीटर जाड. पहिले दहा दिवस पातळ कापडाची सावली आणि पहिले चार आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाणी. वाळूत लावलेलं धुतल्या मुळांचं रोप हिवाळ्यापेक्षा लावल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत जास्त मरतं.

हिवाळ्याचं काम थोडकं. केसाळ पानांच्या झाडांवर ऑक्टोबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत काच किंवा पॉलीकार्बोनेटचा पत्रा, वीतभर उंच, चारही बाजूंनी उघडा. थंडीसाठी नव्हे, फक्त पाण्यासाठी. आल्प्समध्ये ही झाडं चार-पाच महिने बर्फाखाली कोरडी झोपतात. स्कॉटलंडमध्ये आज गोठलं, उद्या पाऊस, परवा १० अंश. बाजू बंद केल्या तर आत करडी बुरशी येते आणि उशीसारखं झाड मधूनच सडतं. मार्चमध्ये पत्रा काढायचा तो ढगाळ दिवशी, आणि काढल्यावर एकदा भरपूर पाणी.

खताचंही तसंच. टोमॅटोचं पोटॅशवालं खत पाव तीव्रतेनं एप्रिलमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा. पुढे काही नाही. नत्र जास्त झालं की घट्ट उशी सैल, हिरवीगार, गुबगुबीत होते. बघणारे कौतुक करतात, आणि जानेवारीत ती जाते.

आता फुलं. अल्पाइन झाडांची बहुतेक प्रदर्शनं एप्रिल-मेमध्ये उरकतात, त्यामुळे वसंतातल्या सॅक्सिफ्रागा आणि प्रिम्युलांचं कौतुक फार होतं. जूनचा बहर बागेतच राहतो. एडिंबरात २१ जूनच्या सुमारास दिवस साडेसतरा तासांचा असतो आणि दुपारचं तापमान सरासरी १७-१८ अंशांच्या आसपास राहतं. लांब उजेड आणि गारवा, या जोडीमुळे एकेक फूल इथे दहा-दहा दिवस टिकतं.

मेच्या शेवटाला आधी एड्रायान्थस पुमिलिओ. हा क्रोएशियातल्या बिओकोवो डोंगराचा. चंदेरी सुयांसारख्या पानांची चार बोटांची उशी आणि तिच्यावर देठ नसल्यासारखी टेकलेली जांभळी घंटाफुलं. याला सर्वांत तापणारी, सर्वांत अरुंद फट द्यायची. त्याच्याच आगेमागे डायान्थस अल्पिनस, गडद गुलाबी, मधल्या डोळ्याभोवती पांढरे ठिपके. झाड तीन इंचांचं आणि फूल रुपयाच्या नाण्याहून मोठं. हा अल्पायुषी आहे, तीन-चार वर्षांत विरळ होत जातो. दरवर्षी कलमं केली नाहीत तर एका जूनमध्ये वाफ्यात त्याची नुसती पाटी उरते. एरिनस अल्पिनस आपला आपण बी टाकून कुठल्याही भेगेत उगवतो. त्याला आम्ही वाफ्याच्या बाहेर, पायवाटेच्या फरशांत हाकलून दिलं आहे, तिथे तो शोभतो.

उत्तरेच्या सावलीत त्याच सुमारास रॅमोंडा मायकोनी. पिरेनीजची, आफ्रिकन व्हायोलेटच्या कुळातली, आणि पानंही तशीच सुरकुतलेली, लवदार. ही सपाट लावली तर पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचून गाभा सडतो. म्हणून उभ्या फटीत, भिंतीवर गोवरी थापावी तशी चपटी बसवायची. उन्हाळ्यात पाणी तुटलं तर पानं आखडून, तपकिरी होऊन मेल्यासारखी दिसतात. अशी रॅमोंडा कोणी उपटून टाकू नये. रात्रभर ओल मिळाली की सकाळी पानं पुन्हा उलगडलेली असतात. नव्या रोपांसाठी जूनमध्येच देठाच्या बुडापासून अख्खं पान हळूच ओढून काढायचं आणि ओल्या वाळूत खोचायचं. बूड तुटून वर राहिलं तर त्या पानाला कोंब येत नाही.

लेविसिया कॉटिलेडॉनही उभ्या फटीतच लावायची, कारणही तेच. ही कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या सीमेवरच्या डोंगरांची, गाजरासारखं मांसल मूळ, आणि फुलं गुलाबी, केशरी, पट्ट्यापट्ट्यांची, लग्नाच्या मांडवासारखी भडक. काही जुन्याजाणत्यांना ती या वाफ्यात शोभत नाही असं वाटतं. आम्हाला एखाददुसरी आवडते. तिला चुना नको, पालापाचोळ्याचं खत थोडं जास्त, मानेभोवती कचेचा जाड थर, आणि फुलं संपली की पाणी निम्म्यावर. पानं मऊ पडली म्हणून पाणी वाढवलं तर घात होतो. आधी मान बोटानं दाबून बघायची, मऊ लागली तर ती तहानलेली नाही, सडते आहे. सडका भाग पार पांढऱ्या मुळापर्यंत कापून, दोन-तीन दिवस सुकवून, कोरड्या वाळूत ठेवलं तर कधीकधी वाचते.

जूनच्या मध्याला रुपेरी सॅक्सिफ्रागांची पाळी. यांच्या पानांच्या कडेनं बारीक छिद्रं असतात. त्यांतून चुन्याचं पाणी पाझरतं आणि सुकून पांढरे ठिपके बसतात. लांबून पान चांदीच्या जरीनं काठ काढल्यासारखं दिसतं. चुना मिळाला नाही तर काठ फिका पडतो, मिश्रणात चुनखडीची कच घालायची वेळ आली हे त्यावरून कळतं. यातली सर्वांत मानी सॅक्सिफ्रागा लॉंगिफोलिया. ही एकच चकती वाढवते, पाच, सात, कधी त्याहून जास्त वर्षं. बाजूला पिल्लं धरत नाही. मग एका एप्रिलमध्ये मधली पानं आखडून वर उचलल्यासारखी होतात आणि कळतं की यंदा. जूनमध्ये हातभर लांबीचा तुरा निघतो, बुडापासून शेंड्यापर्यंत शेकडो पांढऱ्या फुलांनी भरलेला, कपारीतून बाहेर झुकलेला. फुलली की ती मरते. तुऱ्याला काठी बांधून सरळ करायचं नाही, त्याची कमानच बघण्यासारखी असते. कोवळ्या तुऱ्यावर मावा मात्र रोज बघायचा. कळ्या असताना लागला तर शेंड्याकडची फुलं उमलतच नाहीत. बोटानं चिरडायचा, पाण्याचा फवारा मारायचा, बस्स.

हिचं बी धरायचं असेल तर एक अडचण आहे. जवळपास दुसऱ्या रुपेरी सॅक्सिफ्रागा फुलत असतील तर त्यांच्याशी हिचा संकर सहज होतो आणि रोपं आईसारखी निघत नाहीत. आम्ही उमलायच्या आधी तुऱ्यावर मलमलीची पिशवी चढवतो, दोन झाडं एकाच वर्षी फुलली तर मऊ ब्रशनं परागकण इकडून तिकडे नेतो, आणि कालोसासारख्या जाती वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. बागेत मिळणारी ‘टंबलिंग वॉटर्स’ ही लॉंगिफोलियाचीच संकरित लेक. फुललेली चकती तिचीही मरते, पण मरण्याआधी बाजूला पिल्लं ठेवून जाते. नव्या माणसानं तिच्यापासून सुरुवात करावी.

कॅम्पॅन्युलांबद्दल सावध राहिलेलं बरं. पोशार्स्कियाना आणि पोर्टेनश्लागियाना या दोघी कुठल्याही दुकानात स्वस्त मिळतात, भिंतीवर सुरेख दिसतात, आणि कपारीत घुसल्या की दोन वर्षांत लाद्यांखालून दुसऱ्या बाजूला निघतात. एड्रायान्थसच्या उशीतून त्यांची पानं वर आली तेव्हा दगड उचलण्यावाचून उपाय उरला नाही. छोटी कॉक्लिअरिफोलियासुद्धा धाग्यासारखे धुमारे सोडत पळते. तिला एकटीला डोणी द्यावी. वाफ्यात हवीच असेल तर रायनेरी, इटलीच्या चुनखडीवरची. मोठी निळी वाटी, आणि पळणं बेताचं.

महिनाअखेरीला अँड्रोसेस लॅन्युजिनोझा. ही आपल्या पश्चिम हिमालयातली. रेशमी, चंदेरी पानांच्या वेली कपारीच्या तोंडाशी लावून खाली सोडायच्या, फिक्या गुलाबी फुलांचे गुच्छ जूनमध्ये सुरू होऊन थंडीपर्यंत येत राहतात. हिच्या लवेत पाणी अडकतं, म्हणून काचेखाली पहिला मान हिचा. आणि फायसोप्लेक्सिस कोमोसा, आल्प्सच्या दक्षिणेकडच्या चुनखडीच्या कड्यांतली. फूल म्हणजे जांभळ्या नख्यांचा झुबका, एकदा पाहिलं की विसरत नाही. गोगलगायींनाही विसरता येत नसावं. कोवळे कोंब त्या एका रात्रीत जमिनीसपाट करतात. हिला उंच डोणीत, मऊ टुफा दगडाला भोक पाडून त्यात लावली आहे. डोणीच्या पायांना तांब्याची पट्टी आहे, तरी मार्चपासून रात्री बॅटरी घेऊन फेरी मारावीच लागते. खरा उपयोग त्या फेरीचाच.

पूर्व किनाऱ्यावर मे-जूनमध्ये समुद्रावरून धुकं येतं, इथे त्याला हार म्हणतात. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. हेलिॲन्थेमम त्या दिवसांत उमलतच नाही, बाकीची फुलं मिटून राहतात, आणि लोकांना वाटतं झाडं भिजली. धुक्यानं पानं ओलावतात, वाळू नाही. वाऱ्याच्या कोरड्या आठवड्यानंतर हार आला तरी बोट दोन पेरं आत घालून बघायचं. पाणी द्यायचं ते पहाटे, आठवड्यातून एकदा पण पुरतं, १५ सेंटिमीटर खोल पोचेल असं, आणि कपारीच्या वरच्या टोकाला. उशीच्या डोक्यावर नाही. थोडं थोडं रोज दिलेलं पाणी मुळांना वर ओढून आणतं.

बहरातच काही उशा एका बाजूनं तपकिरी पडतात. बऱ्याचदा आत पोकळी झालेली असते. हलक्या हातानं उशी उचलून खाली कोरडी वाळू-कच सारायची, कोंबांना टेकायला आधार मिळाला की नवीन मुळं फुटतात. पण सगळं झाडच सैल लागलं आणि ओढताच हातात आलं, तर खाली व्हाइन वीव्हिल या भुंग्याची अळी आहे. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, सॅक्सिफ्रागा आणि सेम्पर्व्हिव्हमची मुळं सफाचट करते. भुंगे सगळ्या माद्याच, नर लागतच नाही, त्यामुळे एक आला तरी पुरे. उपाय सूत्रकृमींचा, म्हणजे अळीला मारणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वाळू आधी भिजवून, संध्याकाळी, आणि नंतर दोन आठवडे ओल टिकवून. कोरड्या वाळूत दिले तर पैसे वाया. अळ्यांच्या मागावर काळे ब्लॅकबर्ड येतात आणि रोपंच उपटून फेकतात. नव्या लागवडीवर पहिले काही महिने तारेची जाळी अंथरलेली बरी.

तणांत सॅजायनाएवढं कपटी दुसरं नाही. शेवाळासारखं दिसतं, उशीच्या मधोमध उगवतं, आणि लक्षात येईपर्यंत बी टाकून मोकळं होतं. चिमट्यानं, मुळासकट, पाऊस पडून गेल्यावर काढायचं. जूनमध्ये दर आठवड्याला अर्धा तास यासाठीच ठेवावा लागतो.

इथे एक बाजूची गोष्ट. ही झाडं पुण्यात किंवा साताऱ्यात जगतील का, असं हमखास विचारलं जातं. नाही जगत. दिवसाचं ऊन एक वेळ झेलतील, पण रात्रही उबदार राहिली की ती थकत जातात आणि दमट हवेत सडतात. सडे आणि पठारं यांचं गणित वेगळंच आहे. कासला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे कातळावर मातीचा पातळ थर, चार महिने वाहतं पाणी, आणि पुढे आठ महिने भाजणारा दगड. तिथली फुलं कपारीत आणून लावायचा प्रयत्न करू नये, उपटून तर नाहीच नाही.

जूनचा शेवटचा आठवडा कात्रीचा. डायान्थस आणि एथिओनेमा ‘वॉर्ली रोझ’ फुलं संपताच एक तृतीयांश छाटायची, नाहीतर बुंधा उघडा पडतो. वॉर्ली रोझ बी धरतच नाही, तिची कलमंच. फूल न आलेले ३-४ सेंटिमीटरचे शेंडे, खालची पानं काढून, निम्मी वाळू निम्मं परलाइट, सावलीत, वर झाकण. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. झाकणाच्या आतली वाफ रोज एकदा पुसायची.

बियांची घाई प्रत्येकाची वेगळी. डायान्थसची बोंडं वरच्या टोकाला उघडतात, उभ्या वाटीसारखी, त्यामुळे निवांत जाऊन उपडी केली तरी काळ्या चपट्या बिया हाती येतात. खाली मान घातलेल्या कॅम्पॅन्युलांची छिद्रं देठाकडे असतात. बोंड तपकिरी झालं की त्याच दिवशी देठासकट कापून कागदी पिशवीत. जिरेनियम तर बी गोफणीतून मारल्यासारखं फेकतं, त्याला आधीच मलमल बांधायची. प्लास्टिकची पिशवी कधीच नाही, आत घाम येऊन बुरशी धरते. वाळलं की चाळून, कागदी पाकिटात, नाव आणि वर्ष घालून फ्रिजमध्ये. १९३३ पासून चालू असलेल्या स्कॉटिश रॉक गार्डन क्लबच्या बीज-अदलाबदलीत जास्तीची पाकिटं जातात, आणि एरवी दुकानात न मिळणारं बी तिथूनच येतं.

पेरणी डिसेंबर-जानेवारीत. वर कचेचा पातळ थर, कुंड्या उघड्यावर, थंडी लागलीच पाहिजे. रॅमोंडा आणि सॅक्सिफ्रागाचं बी धुळीसारखं असतं, ते कचेवर नुसतं भुरभुरायचं आणि पाणी खालून, ताटलीतून द्यायचं. मार्च-एप्रिलमध्ये उगवतं. न उगवलेली कुंडी लगेच ओतून टाकू नये, आणखी एक हिवाळा तशीच बाहेर ठेवावी.

लॉंगिफोलियाचा तुरा ऑगस्टमध्ये वाळतो. बी काढलं की चकती कचेच्या पातळीला कापायची, मूळ उपटायचं नाही, नाहीतर त्याबरोबर फटीतली वाळू आणि शेजारच्या झाडाची मुळंही येतात. ते तिथेच कुजू द्यायचं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच फटीत, बोटभर बाजूला, तिचंच दोन वर्षांचं रोप.